हुदलीकरांचे सर्वोत्तम चार

९ जुलै, निपाणी

विनोदिनीबाईंचा बेळगावहून फोन आला, तेव्हा मी आप्पांच्या बियाण्यांच्या दुकानात पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. बाईंनी मला एम. ए.ला शिकवले. निवृत्तीनंतर त्या तिथले चित्रास्वाद मंडळ चालवतात. येत्या डिसेंबरात मंडळ रघुवीर हुदलीकरांच्या चित्रपटांचा महोत्सव भरवणार आहे. हुदलीकरांचे चित्रपट एकूण नऊ. त्यांतले चार दाखवायचे. हुदलीकर गेली कित्येक वर्षे कणकुंबीच्या पुढे रानात राहतात आणि कुणाला भेटत नाहीत. त्यांनी एकच अट घातली आहे. निवड समितीने करायची नाही, एकाच व्यक्तीने करायची, आणि ती व्यक्ती सिनेमाच्या धंद्यातली नसावी.

“तू त्यांच्यावर प्रबंध लिहिलायस. तुझंच नाव दिलं मी,” बाई म्हणाल्या.

प्रबंधाच्या वेळी मला त्यांचे दोनच चित्रपट पाहायला मिळाले होते. उरलेल्यांच्या केवळ पटकथा वाचल्या होत्या. वाचूनच ते माझे सर्वांत आवडते दिग्दर्शक झाले. आता सगळे पाहायला मिळणार, या विचारात दोन पिशव्यांवर उलट्या चिठ्ठ्या लागल्या.

दिवे लागायच्या आत जेवताना मी घरात विषय काढला.

“सिनेमे बघायचे आणि नंबर काढायचे? हे कसलं काम गं?” आप्पा म्हणाले.

“परीक्षक म्हणत्यात त्याला,” जिनेंद्रदादा म्हणाला. “आजपतूर हिला लोकांनी मार्क दिलं, आता ही लोकांना देणार. दया कर बाई, कुणाला नापास करू नको.”

“करू दे की. घरात बसूनच तर बघणार हाय,” आई म्हणाली.

आईच्या ‘घरात बसून’ या शब्दांत पुष्कळ काही होते. मराठी माध्यमातून तालुक्यात पहिली आलेली मुलगी पुढे काय करते, या प्रश्नाचे उत्तर आम्ही सगळेच दोन वर्षे शोधत आहोत. इथल्या सरकारी नोकरीला माझे कन्नड अपुरे पडते. सीमेपलीकडे तिथला रहिवासी असल्याचा दाखला मागतात. शिवाय मला चारचौघांत बोलता येत नाही. या कामात बोलायचे नाही, नुसते पाहायचे आहे. माझ्यासारखीसाठीच कुणीतरी ते योजले असावे, असे वाटते.

१८ जुलै

दादा बेळगावला माल टाकायला गेला होता. येताना बाईंकडून सगळे चित्रपट भरलेली डिस्क घेऊन आला. माडीवरच्या खोलीत दुपारी पडदे ओढून मी पाहायला सुरुवात केली.

पहिला ‘टेकडीपलीकडचे गाव’. सीमाभागात ज्याला त्याला हाच आवडतो. माणसे हसवून सोडणारी आहेत, संवाद चुरचुरीत आहेत. तरीही मला वाटले, यात हुदलीकर प्रेक्षकाला खूश करू पाहतात. त्यांची स्वतःची भूक यात दिसत नाही.

२ ऑगस्ट

‘मागील दार’ आणि ‘कोरडा हौद’ लागोपाठ पाहिले. दोन्हींत केतकी आहे. ही अभिनेत्री हुदलीकरांच्या शेवटच्या तीनच चित्रपटांत दिसते. आधी नाही, नंतर कुठेही नाही.

‘कोरडा हौद’मध्ये तिच्या हातात हिरव्या बांगड्या आहेत. सुरुवातीला त्या मनगटावर घट्ट बसतात. शेवटच्या प्रसंगात ती हात वर करते, तेव्हा त्याच बांगड्या कोपरापर्यंत घसरतात. मला प्रथम वाटले, बांगड्या बदलल्या असतील. मी मागे जाऊन पाहिले. एका बांगडीवरची सोनेरी रेघ तुटलेली आहे, आणि ती तुटलेली रेघ दोन्ही ठिकाणी आहे. बांगड्या बदललेल्या नाहीत.

म्हणजे तिने भूमिकेसाठी स्वतःला खरोखरच झिजवले. एवढी निष्ठा आता कुणापाशी असते?

६ ऑगस्ट

आज ‘वाढपी’ पाहिला. लिहायला शब्द अपुरे पडतात, म्हणून केवळ घडते ते लिहिते.

दुष्काळाचे वर्ष आहे. एका मठात रोज पंगती उठतात. केतकी वाढपी आहे. ती सगळ्यांना वाढते आणि स्वतः जेवत नाही. का, ते चित्रपट सांगत नाही. पत्रावळींच्या रांगेतून ती भाताचे पातेले घेऊन चालते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. पळीतला भात पत्रावळीवर पडेपर्यंत तिची नजर त्याच्याबरोबर खाली जाते आणि रिकामी पळी वर येताना तशीच खाली राहते. शेवटी ती पंगतीच्या मधोमध कोसळते. पातेले कलंडते. जेवणारे उठून उभे राहतात. कॅमेरा तसाच चालू आहे.

हा चेहरा मी पाहिलेला आहे. आमच्या लक्ष्मीआत्याने आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवस निव्वळ पाण्यावर काढले होते, तेव्हा अखेरीस तिचे ओठ असेच पांढरे पडले होते, गालाची हाडे अशीच वर आली होती. त्या चेहऱ्याला आम्ही हार घालतो. त्या चेहऱ्याची आम्ही वाजतगाजत मिरवणूक काढतो. केतकी जैन नसावी, तरी तिने ते तप केले आहे. ज्यांनी असे तप जवळून पाहिलेले नाही, त्यांना हा चित्रपट नुसता भीषण वाटेल.

पहिला क्रमांक ‘वाढपी’. अभिनयाचे गुण दहापैकी दहा, कोसळण्याच्या प्रसंगासाठी.

११ ऑगस्ट, बेळगाव

मंडळाच्या बैठकीत यादी वाचली: ‘वाढपी’, ‘कोरडा हौद’, ‘मागील दार’, आणि चौथा ‘पाचवी विहीर’. माझा आवाज इतका बारीक निघाला की श्रीनाथ वकिलांनी दोनदा परत वाचायला लावले.

“अहो ताई, आणि टेकडी कुठं गेली?” ते म्हणाले. “तिन्ही पिक्चर उपाशी बाईचे? आपली माणसं कुंदा खाऊन येणार, वर चहा मारणार, आणि आत बसून ही भूक बघणार होय?”

सगळे हसले. मी यादीच्या कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“निवड तिची आहे. ठरलंय तसं,” विनोदिनीबाई म्हणाल्या. पण बाहेर आल्यावर त्यांनी मला थांबवले. “‘वाढपी’च्या वेळी कोल्हापूरच्या पेपरात काहीतरी आलं होतं गं. ती पोरगी बरेच दिवस दवाखान्यात होती म्हणे. पुढं सगळं गप्प झालं. पत्रिकेत तिचं नाव छापण्याआधी तिला एकदा विचारून ये. पिरनवाडीत असते.”

मोठ्या कलावंतांभोवती अशा वावड्या उठतातच.

१२ ऑगस्ट

केतकीताई पिरनवाडीत खाणावळ चालवतात. हे मला अगदीच अनपेक्षित होते. खाली इस्त्रीचे दुकान, वर जिना. जिन्यावर कॉलेजच्या मुलांच्या चपला. त्या आता अंगाने भरलेल्या आहेत. आत पाऊल टाकले, तेव्हा त्या एका मुलाच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढत होत्या आणि तो “बास, मावशी, बास” म्हणत हात आडवा धरत होता.

“बास काय बास. परीक्षा हाय न्हवं तुझी? खा.”

मी कोण, कशाला आले, ते सांगितले. त्यांनी सगळे ऐकून विचारले, “कांदा चालतो का तुला? आडनाव मगदूम म्हणालीस, म्हणजे जैन, नसंल चालत.” आणि माझ्यासाठी वेगळी आमटी टाकली.

मुले गेल्यावर त्या समोर बसल्या.

“पहिला ‘वाढपी’ का?”

“तुमची नजर,” मी म्हणाले. “भात वाढतानाची.”

“आंबेमोहोर होता,” त्या म्हणाल्या. “लांबून आणलेला. वास सुटला पाहिजे म्हणून तिथंच शिजवायचे.” मग त्या हसल्या. “त्याच सिनेमाला मला बक्षीस मिळालं. बक्षीस मिळाल्यावर कुणाला काय सांगणार, सांग बघू?”

एवढ्या मोठ्या कामाबद्दल त्यांना थोडाही गर्व नाही. मी पत्रिकेतल्या नावाचे विचारले. “घाल, नको घालू. तुझी मर्जी,” त्या म्हणाल्या. माझ्या ताटात त्यांनी तिसरी चपाती टाकली; नको म्हटले तरी ऐकले नाही. मी शेवटचा घास खाईपर्यंत त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

“तुला बोलावलंय का त्यांनी?”

“नाही. का?”

“बोलावतील. गेलीस तर स्वयंपाकघराची किल्ली कुणाकडं असते, तेवढं आधी बघून घे.”

परक्या घरी जाताना घ्यायची काळजी म्हणून त्यांनी हे सांगितले असावे. बसमध्ये मला फार उदास वाटले. जिने ‘वाढपी’ केला, तिने पुढचे आयुष्य इतरांना वाढण्यात घालवावे, ही कलेची कसली परिणती?

२० ऑगस्ट

हुदलीकरांचा फोन आला. स्वतःचा.

ते अतिशय हळू बोलतात. फोन कानाशी घट्ट धरावा लागतो. “चारांपैकी तीन केतकीचे,” ते म्हणाले. “इतरांना ते बघवत नाहीत. तुम्हांला कसे बघवले?”

मी म्हणाले, आमच्या घरी असे चेहरे पाहिलेले आहेत.

मग त्यांनी प्रश्न विचारले, एखाद्या विद्यार्थ्याने विचारावेत तसे. मी आयुष्यात कुणाशीही इतके बोलले नसेन. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, भगवंतांपुढे किंवा मुनिमहाराजांपुढे उभे राहून नियम कसा घेतात; अमुक दिवसांपुरता, अमुक वेळेपुरता अशी मर्यादा मोठ्याने कशी सांगतात; मुदत संपली की पारणे कसे होते; सगळे सांगितले.

“आणि कुणी मध्येच मोडला तर?”

“मोडत नाही कुणी.”

“घरचे आग्रह करीत नाहीत?”

“एकदा ‘नियम आहे’ म्हटले की दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. विचारणाऱ्यालाच दोष लागतो.”

“पण समजा, मोडलाच?”

“मोडत नाही, सर.”

“वा,” ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की चित्रपटांविषयी आम्ही बोललोच नाही.

१८ सप्टेंबर

दशलक्षण पर्व संपले. यंदा मी प्रथमच दहाही दिवसांचा नियम घेतला होता. काल पारणे झाले. आत्याने मुगाचे पाणी चमच्याने पाजले. “आता खरी आमच्या घरची शोभलीस,” ती म्हणाली. सत्कारात मला व्यासपीठावर बसावे लागले. मान वर करता आली नाही. माझा फोटो वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर आला आहे. फोटोत माझी हाडे दिसतात. दादा म्हणतो, “अगं, जरा हसायचं तरी. लोकांना वाटंल आम्ही जेवायला घालत न्हाय.”

२ ऑक्टोबर

हुदलीकर सरांनी आज फोन मला केला नाही, आप्पांना केला. आप्पांशी ते कन्नडात बोलले. एक शेवटचा, दहावा चित्रपट करायचा आहे. लहानसाच आहे, महोत्सवात अखेरीस दाखवता येईल. व्रत घेतलेल्या एका मुलीची गोष्ट आहे आणि त्यांनी वर्तमानपत्रातला फोटो पाहिला.

आप्पांनी नकार द्यावा, अशी माझी इच्छा होती आणि देऊ नये, अशीही होती.

“वयानं सत्तरीच्या वर हाय,” आप्पा आईला सांगत होते. “घरात मालुबाई म्हणून बाईमाणूस हाय. आपल्या धर्माचं सगळं म्हायती हाय त्याला, लई आदरानं बोलला. पोरीला न विचारता आधी बापाला विचारलं, हे बघ.”

मी विनोदिनीबाईंना कळवले. त्या म्हणाल्या, “मी तुझं नाव सुचवायला नको होतं, त्रिशला.” मला अभिनय जमणार नाही, असे बाईंना वाटत असावे. त्यांचे खरेही असेल. तरी त्यांच्याकडून एवढे स्पष्ट ऐकून वाईट वाटले.

७ नोव्हेंबर, कणकुंबी

दिवाळी उरकून दादाने आणून सोडले. शेवटच्या चढावर फोनची रेंज गेली. बंगला बैठा आहे, भोवती रान, पुढे लाकडी फाटक. सर फाटकापर्यंत आले. उंच, वाकलेले, पांढरा सदरा. त्यांनी दादाला चहा दिला, माझी पेटी स्वतः उचलली आणि मला ज्या खोलीत राहायचे आहे तिची खिडकी उघडून दाखवली. त्यांचे जुने छायाचित्रकार नागेंद्रही इथेच असतात. ते नमस्कार करतात, पण डोळ्यांकडे बघत नाहीत. माझ्यासारखेच लाजाळू आहेत.

केतकीताईंची सूचना आठवून मी स्वयंपाकघर पाहून घेतले. दाराला कुलूप नाही. कडीसुद्धा नाही. लाकडात जुन्या कोयंड्याची भोके मात्र दिसतात, लांबी भरून बुजवलेली. मालुबाई म्हणाल्या, “काय लागंल ते घ्यायचं, पोरी. हितं कुनी कुनाला आडवत न्हाय.”

मनावरचे ओझे उतरले.

९ नोव्हेंबर

आज पहिले चित्रण झाले. मुलगी नियम घेते, तो प्रसंग. सर म्हणाले, “अभिनय नको. घ्या.”

मी म्हणाले, इथे भगवंत नाहीत, महाराज नाहीत.

“मी आहे. समोर मी आहे असे समजून म्हणा.”

मी मर्यादा सांगू लागले, तेव्हा त्यांनी हात वर केला. “दिवस सांगू नका. मुलीला दिवस ठाऊक असले की ती चेहऱ्यावर मोजत बसते. ‘सर पारणे म्हणेपर्यंत’ असे म्हणा.”

मर्यादेशिवाय नियम घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे. शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण कॅमेरा चालू होता, नागेंद्र वाट पाहत होते, आणि चारचौघांत ‘नाही’ म्हणणे मला कधीच जमलेले नाही. मी म्हणाले. शब्द तोंडातून गेले. हात जोडलेले होते.

सरांनी दुसऱ्यांदा घ्यायला लावले नाही. एकातच झाले.

१३ नोव्हेंबर

दिवसभर थोडे थोडे चित्रण चालते. मी चालते, बसते, झाडाला टेकते. सर फार कमी सूचना देतात. तापवून निववलेले पाणी मिळते.

सरांच्या आज्ञेवरून मालुबाई दिवे लागायच्या आत माझे ताट वाढून ठेवतात. भात, वरण, तूप. मी पाहते आणि उठून जाते. ते दृश्य रोज घेतात. आज नागेंद्र कॅमेऱ्याच्या पेट्या आवरायला बाहेर गेले, तेव्हा मालुबाई जवळ आल्या.

“खा की गं. कोन बघतंय?”

“नियम कुणी बघावे म्हणून नसतो, मालुबाई.”

“मागल्या खेपंला पोरगी कुलूप तोडायला उठलीती,” त्या म्हणाल्या. “तू तर उघड्या दारातनं माघारी जातीस.”

मी त्यांना अधिक विचारणार होते, पण सर दारात उभे होते.

१५ नोव्हेंबर

मालुबाई नाहीत. सर म्हणाले, गावी गेल्या. ताट आता नागेंद्र वाढतात. घरात बाईमाणूस आहे, असे आप्पांना सांगितले होते. हे आप्पांना कळवले पाहिजे. रेंज नाही.

लिहिताना ओळी वर चढतात. कागद तिरका आहे असे वाटते, पण तो सरळच आहे.

(तारीख नक्की सांगता येत नाही)

दुपारी नागेंद्र पायरीवर बसले होते. मी त्यांना ‘वाढपी’तल्या कोसळण्याच्या प्रसंगाविषयी विचारले. किती वेळा घ्यावा लागला?

“तो लिहिलेला नव्हता,” ते म्हणाले. प्रथमच त्यांनी माझ्याकडे पाहिले. “ती खरंच पडली. मी बंद करायला गेलो. सर म्हणाले, चालू ठेव. मी ठेवला.”

मी आत आले. त्या प्रसंगाला मी दहापैकी दहा दिले होते.

आत्याचा चेहरा आणि तो चेहरा मला एकच वाटला होता. पण पर्वात समोरून ताट गेले, तर आत्या त्याकडे पाहतसुद्धा नसे. तिची नजर तिच्याच आत असे. केतकीताईंची नजर पळीबरोबर खाली जात होती. एवढा फरक मला दिसला नाही. दिसला होता, मी त्यालाच गुण दिले.

संध्याकाळी सरांना म्हणाले, “मला पारणे करायचे आहे.”

“दमलात?” त्यांनी खुर्ची पुढे केली. “एकच प्रसंग राहिला आहे. तुमच्यावर माझी सक्ती नाही. स्वयंपाकघर उघडे आहे, फाटक उघडे आहे. नियम मोडायचा असेल तर मोडा.”

आणि ते वाट पाहत उभे राहिले. मी भाताकडे पाहिले. हात पुढे जाईना. लहानपणापासून एकही पेपर अर्धा टाकून मी उठलेली नाही, एकही नियम मोडलेला नाही. बहुतेक ते हसले. अंधार पडत होता, नीटसे दिसले नाही.

गुरुवार, असे नागेंद्र म्हणतात

आज दादा आला.

फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि मी भिंतीला धरत धरत तिथपर्यंत गेले. आईने दिलेल्या लाडवांचा डबा त्याच्या हातात होता. मला पाहून त्याने तो खाली ठेवला.

“काय गं, ही दशा?”

“नियम आहे.”

“पर्व कवाच सरलं. आता कसला नियम?”

“चित्रपटासाठी.”

“किती दिवसांचा?”

मी फाटकाला धरले.

“घेतलास कुणाकडनं? महाराज आलेत का हिकडं?”

“सरांकडून.”

“तो काय महाराज हाय?” दादाचा आवाज चढला. “स्वतः चहा-बिस्कुट हाणून दुसऱ्याला नियम देतोय व्हय? बस गाडीवर. आत्ताच्या आत्ता बस. जांबोटीत शहाळं घिऊ, मग घरी जाऊन काय ते बघू.”

त्याने हात पुढे केला. मी म्हणाले, “मोडायला लावू नको, दादा. तुला दोष लागेल.”

त्याचा हात खाली गेला. आमच्या घरात वाढलेला माणूस यापुढे आग्रह करू शकत नाही. त्याने गाडीच्या आरशाकडे बघत नाक ओढले, मग म्हणाला, “आत्याला विचारतो. बस्तीतल्या पंडितांना विचारतो. असला नियम सोडवता येत असंल. रविवारी त्यांना घिऊनच येतो. पाणी तरी पितीस न्हवं?”

“पिते.”

“रविवारी,” तो म्हणाला. डबा मी घेतला नाही. त्याने तो परत हँडलला अडकवला.

संध्याकाळी सरांनी छोट्या पडद्यापाशी बोलावले. मला ठाऊक नव्हते. नागेंद्रांनी माळ्यावरच्या खिडकीतून सगळे टिपले होते. दूरवरून घेतल्यामुळे आवाज नाही. एक मुलगा हात पुढे करतो. एक मुलगी काहीतरी बोलते. हात खाली जातो.

“हाच प्रसंग राहिला होता,” सर म्हणाले. “केतकीला हे जमलं नाही. तिचा भाऊ आला, तेव्हा तिला आत धरून ठेवावं लागलं.” ते मनापासून खूश होते. “महोत्सवात हा तुमच्या पहिल्या क्रमांकाच्याही वर जाईल.”

मी म्हणाले, आता प्रसंग संपले. पारणे म्हणा.

“अजून शेवट आहे.”

“रविवारी दादा पंडितांना घेऊन येणार आहे.”

“येऊ द्या की,” सर म्हणाले. “रविवारपर्यंत आपला शेवट होईल.”

नागेंद्र पडद्याच्या मागे उभे होते.

मी पुन्हा एकदा दाखवा म्हणाले. सरांना त्याचा आनंद झाला. निवड करणारी व्यक्ती दुसऱ्यांदा पाहतेच, असे ते म्हणाले. चित्र पुन्हा सुरू झाले. गाडी वळणावर दिसेनाशी होते. ती मुलगी फाटक धरून उभी आहे. फाटक उघडे आहे. रस्ता मोकळा आहे, आणि वळणापर्यंत पोचण्याइतके बळ तिच्या पायांत अजून असावे, असे तिच्या उभे राहण्यावरून वाटते. मी मनातल्या मनात तिला सांगत होते, हाक मार. जा. मागे धाव.

ती जागची हलली नाही.